थोरल्या बहिणीची सही

जमिनीच्या धंद्यात मी आले ती चाळिशी उलटल्यावर, आणि तीही काही हौसेनं नाही. शिरवळच्या एका कारखान्यात मी बरीच वर्षं माल तपासायच्या टेबलावर होते. मालकांनी आमचं खातं दुसऱ्या राज्यात हलवायचं ठरवलं आणि आम्हा बायकांना एका दुपारी कँटीनमध्ये बोलावून, चहा-बिस्कीट देऊन, घरी पाठवलं. नवरा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला. गुडघा निकामी झाल्यामुळं पहाऱ्याची नोकरीसुद्धा त्याला मिळत नव्हती. साताऱ्यातल्या आमच्या दोन खोल्यांत तो दिवसभर बातम्या बघत बसायचा आणि मधूनच म्हणायचा, "बैठे बैठे जंग लग जायेगा." जंग कुणाला लागणार, त्याला की मला, ते काही सांगायचा नाही.

आमच्या गल्लीतल्या एकीनं सांगितलं, की आता प्लॉट विकायचे तर एजंटाला परवाना लागतो, त्याच्यासाठी शिकवणी घेऊन परीक्षा द्यावी लागते, आणि परवाना असलेली बाई मिळाली तर जमीनवाले डोक्यावर घेतात. मी मोबाईलवर शिकवणी केली. कणीक मळता मळता कलमं पाठ केली. परीक्षेला माझ्या शेजारी एक निवृत्त सुभेदार बसले होते. घाम पुसत पुसत म्हणाले, "बाई, सरहद्दीवर एवढी भीती वाटली नाही." आम्ही दोघंही पास झालो. नवऱ्यानं माझं प्रमाणपत्र चौकटीत बसवून आणलं आणि स्वतःच्या मेडलशेजारी खिळा ठोकून लावलं. त्या दिवशी मला खरंच वाटलं होतं, की आपण काहीतरी झालो.

साताऱ्यातच एका जमीनवाल्याकडं मला काम मिळालं. शेतजमिनी घ्यायच्या, प्लॉट पाडायचे आणि पुण्याच्या लोकांना विकायचे, हा त्याचा धंदा. सगळे त्याला दादा म्हणायचे. माणूस वाईट नव्हता, म्हणजे ओरडायचा नाही, पगार बुडवायचा नाही, बायकांशी अदबीनं बोलायचा. मला वहिनी म्हणायचा. पहिल्याच दिवशी म्हणाला, "वहिनी, परवाना भिंतीला शोभतो. धंदा पायानं होतो."

पायानं म्हणजे कसा, ते हळूहळू कळलं. शनिवारी-रविवारी पुण्याहून पार्टी यायची. गिऱ्हाइकाला पार्टी म्हणायचं, हेही मी तिथंच शिकले. पांढरे बूट घातलेली माणसं ढेकळातून चालताना माझा हात धरायची. त्यांना वारा दाखवायचा, डोंगर दाखवायचा, हायवे किती जवळ आहे ते सांगायचं. उरलेले दिवस सातबारे वाचण्यात जायचे. सातबारा मी पूर्वीही पाहिला होता, पण तो कसा वाचतात ते दादानं शिकवलं. खातेदारांची नावं एकाखाली एक असतात. बाप वारला, की पोरांची लागतात, आणि कायद्यानं मुलींचीही लागतात. दादा बोट ठेवून वाचत जायचा. भावांची नावं जरा मोठ्यानं वाचायचा. बहिणींपाशी आला, की बोट न उचलता सरळ खाली ओढायचा आणि म्हणायचा, "ह्या काढून घ्यायच्या."

काढून घ्यायच्या म्हणजे त्यांच्याकडून हक्कसोड करून घ्यायची. बहिणीनं रजिस्टर ऑफिसात यायचं, माझा हक्क मी भावांना राजीखुशीनं सोडते म्हणून सही करायची, फोटो काढायचा, अंगठा द्यायचा. भाऊ साडी नेसवतात, जेवायला घालतात. आमच्याकडं हे इतकं चालतं, की त्यात काही विचारायचं असतं हेच कुणाच्या मनात येत नाही. मला त्या कामावर घेतलं त्याचं कारणही दादानं सरळ सांगितलं. "पुरुष माणूस गेला, की बहिणीचा नवरा भाव करायला लागतो. बाई गेली, की चहा होतो."

शिरवळजवळची एक जमीन दादानं हेरली होती. हायवेपासून आत, विहीर असलेली, दोन पट्ट्यांची. खातेदार दोन भाऊ आणि तीन बहिणी. भाऊ विकायला एका पायावर तयार. धाकट्या दोन बहिणींच्या सह्या मी आणल्या. एक साताऱ्यातच होती. तिनं भाजी निवडता निवडता माझं सगळं ऐकून घेतलं. मी तिला तिचा हिस्सा किती निघतो तेही सांगितलं, कारण परीक्षेत तसं शिकवलं होतं आणि मला ते पटलंही होतं. ती म्हणाली, "ते खरं, पण माहेर तुटायला नको." दुसरीनंही जवळजवळ हेच सांगितलं.

राहिली थोरली. तिला जतकडं दिलेली. पूर्वी तिकडची मेंढरं घेऊन फिरणारी माणसं भावांच्या वडिलांच्या रानात येऊन बसायची, मेंढरांचं खत मिळायचं, धान्याची देवाणघेवाण व्हायची, त्यातून ही सोयरीक झाली. थोरला भाऊ दादाच्या ऑफिसात बसून म्हणाला, "आक्का अडाणी हाय, पर साधी हाय. सांगंल तिथं अंगठा दील." धाकटा म्हणाला, "लय वर्षं झाली. येणं-जाणं राहिलं न्हाई." त्यांच्याकडं तिचा फोन नंबरसुद्धा नव्हता. गावाचं नाव तेवढं होतं.

मी एस.टी.नं सांगलीला गेले, तिथून जतला, आणि पुढं वडापच्या जीपमध्ये बायकांच्या मांडीला मांडी लावून तिच्या गावाला. शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, काढायचे दिवस होते. रानं पिवळी आणि उघडी. गावात टँकर आलेला होता आणि त्याच्याभोवती घागरींची रांग. बायका आपसात कानडी बोलत होत्या, मला बघून मराठीत आल्या. एकीनं वाट दाखवली.

थोरली बहीण अंगणात शाळूची कणसं मोडत बसली होती. हडकुळी, उन्हानं रापलेली, डोळे मात्र अगदी तिच्या भावांसारखे. तिची सून माझ्याबरोबरच टँकरवरून घागर घेऊन आली. मी म्हणाले, "मावशी, मी साताऱ्याहून आले. तुमच्या माहेरच्या कामासाठी."

तिच्या हातातलं कणीस तसंच राहिलं. "कोण गेलं?" ती म्हणाली.

मला आधी समजलंच नाही. मग लक्षात आलं, की माहेराहून माणूस येतं ते फक्त कुणी मेल्याचं सांगायला, अशीच तिची सवय झालेली. मी घाईघाईनं म्हणाले, "कुणी नाही गेलं. सगळे बरे आहेत."

"मंग बस," ती म्हणाली, आणि सुनेला चहा ठेवायला सांगितलं.

मी कागद काढला आणि त्यात काय आहे ते तिला समजेल असं सांगितलं. तिनं कणीस खाली ठेवलं. मग म्हणाली, "म्हंजे माझं नाव हाय त्या जमिनीत?"

"आहे. वडील गेले तेव्हाच लागलं."

"मला कुणी सांगितलं न्हाई." पुन्हा म्हणाली, "नाव लागलं तवा कुणी सांगितलं न्हाई, आन् आता काढायचं हाय म्हून तू आलीस."

मी म्हणाले, "मावशी, तुमची इच्छा असेल तरच. नाहीतर तुमचा हिस्सा मागायचा तुम्हाला हक्क आहे." सून चुलीजवळ होती. तिचे हात थांबले, ते मला दिसलं. पण थोरलीनं मान हलवली. "मी काय करू जमीन घिऊन? हाय तीच पाण्यावाचून पडलीया." मग एकदम माझ्याकडं वळून तिनं विचारलं, "हिरीच्या वरल्या अंगाला बांध हाय बग. त्या बांधावर बाभळ हाय का अजून?"

मी त्या रानात पूर्वी एकदाच गेले होते, पार्टीला घेऊन. विहीर पाहिली होती. बाभळीकडं काही लक्ष गेलं नव्हतं. तसं सांगितलं.

तेव्हा ती बोलली. पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली होती. मुलगी झाली. बारशाच्या आत गेली. लहान लेकराला अग्नी देत नाहीत, म्हणून वडिलांनी तिला रानात नेऊन त्या बाभळीखाली पुरलं. "कुत्र्यांनी उकरू नये म्हून वर काटं टाकलं, दगूड ठेवला. मला वली बाळंतीण म्हून जाऊ दिलं न्हाई. आईनं दारातनंच हात करून दाखवलं. म्हनली, ते बग, तितं." पुढं दरवेळी माहेरी गेली, की सरपणाचं निमित्त करून ती तिथं जाऊन बसायची. आई गेल्यावर माहेरी जाणंच सुटलं. त्यानंतर तिला तीन मुलगे झाले. त्यातला एक राहिला. तो सांगलीला बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजवर गाडी चालवत होता.

"तितं काय करनार हायसा?" तिनं विचारलं.

मी नकाशा पाहिला होता. रस्ते, प्लॉट, मधोमध बाग. बांध कुठं होता ते नकाशात कशाला असेल? मी म्हणाले, "घरं होतील, मावशी."

ती बराच वेळ कणसं मोडत राहिली. मग म्हणाली, "अंगठा देते. पर आदी मला तितं न्हे. एकडाव डोळ्यांनी बगते, मंग म्हनशील तितं देते."

मी रस्त्यावर येऊन दादाला फोन लावला. दादा खूश झाला. म्हणाला, "उद्या गाडी पाठवतो. दोघा भावांना रानातच थांबवतो. तिथून सरळ रजिस्टर ऑफिस."

रात्र मी तिच्याच घरी काढली. सकाळी ती ठेवणीतलं लुगडं नेसली. बरोबर नारळ घेतला आणि नव्या शाळूचं पीठ एका पिशवीत बांधून घेतलं. "भावजयांना," म्हणाली. "तिकडं असं गोड जुंधळं मिळत न्हाईत." गाडीत ती माझा हात धरून बसली होती. सांगली मागं पडल्यावर दोन्हीकडं ऊस लागला. त्याच्याकडं ती टक लावून बघत राहिली. खंबाटकीच्या बोगद्यात शिरलो तशी तिनं माझ्या हाताला नखं रुतवली आणि बाहेर उजेड दिसेपर्यंत सोडली नाहीत.

रानाकडं वळलो आणि मला काही ओळखू येईना. वाटेवर रंगीत झेंडे लावले होते. आत पोकलेन चालू होता. सगळं रान एकसारखं सपाट झालं होतं. लाल मुरमाचे रस्ते, त्यांच्या कडेनं फक्कीच्या पांढऱ्या रेषा, कोपऱ्यांवर खुंट्या. बांध नव्हते. झाड एकही नव्हतं. दादा आणि दोघं भाऊ मंडपाच्या सावलीत उभे होते.

थोरली खाली उतरली. पदर सावरून तिनं चारी बाजूंना पाहिलं. "हीर कुटं हाय?"

थोरला भाऊ पुढं आला. "बुजवली, आक्का. प्वारं-बिरं पडायची भ्या."

विहीर असती तर तिला दिशा सापडली असती. आता तिला उगवत-मावळतही कळेना. तिनं विचारलं, "बाभळ कुटं हुती?" थोरल्यानं उजवीकडं हात केला. धाकटा म्हणाला, "न्हाई, तिकडं न्हवं, त्या खांबाच्या मागं असंल." दोघांत त्यावरून हुज्जत झाली. पोकलेनवाल्यानं यंत्र बंद केलं. त्याला विचारलं तर तो म्हणाला, की झाडं पुष्कळ होती, सगळी एकाच दिवशी काढली, माती खालच्या अंगाला भरावाला टाकली.

ती त्या मुरमावर चालायला लागली. मधेच थांबायची, पायानं मुरूम टोकरायची, पुन्हा पुढं जायची. मी मागोमाग होते. एका ठिकाणी ती बसली. ती जागा बरोबर होती असं नाही. ती दमली होती.

मी दादाला बाजूला घेऊन विचारलं, "सह्या झाल्या नाहीत, आणि काम सुरू कसं केलं?"

"अहो वहिनी, सपाटीकरण आहे नुसतं," तो म्हणाला. "भावांनी हो म्हटलं. आपण एकतरी प्लॉट विकलाय का?" मी त्याला बाभळीचं सांगितलं. त्याचा चेहरा खरंच उतरला. तो थोरलीजवळ गेला, खाली बसला आणि म्हणाला, "आक्का, आपण बागेत छान दगड बसवू. पूजा करू."

तिनं त्याच्याकडं पाहिलं. "कशावर बशिवनार?" ती म्हणाली.

दादा उठून उभा राहिला. मग धाकटा भाऊ जवळ आला. "आक्का, खरंच ठाऊक न्हवतं गं. मला वाटलं बाभळ म्हंजी बाभळ."

"तू तवा रांगत हुतास," ती म्हणाली. मग तिनं थोरल्याकडं मान वळवली. "तुला ठाऊक हुतं. आबांच्या मागनं टिकाव घिऊन तूच गेला हुतास. परत येऊन माझ्यापाशी रडला हुतास."

थोरला भाऊ खाली बघत उभा राहिला. त्यानं नाही म्हटलं नाही. मला वाटतं, तो एक शब्द जरी बोलला असता, चुकलं म्हणाला असता, तर तिनं अंगठा दिला असता. पण तो म्हणाला, "उशीर हुतोय. साहेब उठून घरी जायच्या आत ऑफिसात पोचाय पायजे."

ती उठली. लुगड्याला लागलेला मुरूम झाडला. मला म्हणाली, "चल बाई. मला घरी सोड."

"आन् सही?" थोरला म्हणाला.

"न्हाई करत."

"आक्का, माहेर तुटंल बग."

"माहेर मी कवाच मागत न्हवते रं," ती म्हणाली. "माझी लेक तेवडी राकायची हुती तुमी." आणि गाडीत जाऊन बसली. भावाचं घर तिथून दिसत होतं. दारात भावजया डोक्यावर पदर घेऊन उभ्या होत्या. तिनं तिकडं पाहिलंसुद्धा नाही.

जतपर्यंत परत जायला ड्रायव्हर तयार होईना. दादानं त्याला काय खूण केली असेल ती असो, त्यानं आम्हाला साताऱ्यात सोडलं. मी तिला माझ्या घरी आणलं. नवऱ्यानं टीव्ही बंद केला आणि आपली खाट तिला दिली. सकाळी मी उठले तेव्हा ती माझ्या ओट्यापाशी उभी राहून भाकरी थापत होती. भावजयांसाठी आणलेल्या पिठाच्याच. "माघारी कशाला न्हेऊ," म्हणाली. आम्ही तिघांनी खाल्लं. नवरा तिला जतच्या गाडीत बसवायला लंगडत स्टँडपर्यंत गेला.

दादानं मला कामावरून काढलं असं म्हणता येणार नाही. तो एवढंच म्हणाला, "वहिनी, सही आणायला पाठवलं होतं. तुम्ही बाई घेऊन आलात." मी दुसऱ्या दिवसापासून गेले नाही.

त्यानंतर मी एकटीनंच कामं घ्यायला लागले. साताऱ्यातले जुने फ्लॅट, भाड्याची दुकानं, कुणाचा एखादा प्लॉट. जमतं आहे कसंबसं. सातबाऱ्यावरच्या बहिणींना मी स्वतः जाऊन भेटते. त्यानं काही बदलतं असं नाही. बहुतेक जणी सहीच करतात.

थोरलीनं शेवटपर्यंत अंगठा दिला नाही. भावांनी दोनदा माणसं पाठवली, गावातल्या पुढाऱ्याकडून सांगून पाहिलं. पुढच्या उन्हाळ्यात तिला ताप भरला आणि ती गेली. सुनेनं मला फोन केला, तेव्हा सगळं उरकलं होतं. माहेरचं कुणी आलं होतं का, म्हणून मी विचारलं. धाकटा आला होता, म्हणाली. थोरला नाही.

नवरा तिचा आधीच वारलेला, म्हणून ती गेल्यावर तिच्या जागी तिच्या मुलाचं नाव लागलं. त्यानं पैसे घेऊन सही केली. त्याला मी दोष देत नाही. रान कोरडं होतं आणि टँकरवर माणसं जगतात, जनावरं नाही. मिळालेल्या पैशात त्यानं बोअर मारलं. सून फोनवर सांगत होती, "लय खोल न्हेलं ताई. नुसता फुफाटा निगाला." मी बरं म्हणाले आणि तिच्या पोरांची चौकशी केली.

शिरवळजवळच्या त्या जमिनीवर आता कमान आहे, पहारेकरी आहे, काही घरांचे चौथरे उठलेत. मध्यंतरी पुण्याच्या एका माणसानं तिथला आपला प्लॉट विकायचा म्हणून मला फोन केला. मी काम घेतलं. घरी पैसे लागत होते. एका जोडप्याला मी तो दाखवायला नेलं. बायको पोटुशी होती. तिनं सहज विचारलं, "ताई, पूर्वी इथं काय होतं?"

शेत होतं, एवढं सांगून भागलं असतं. पण तिनं विचारलं होतं, आणि मी सांगितलं. जेवढं ठाऊक होतं तेवढं सगळं.

तिचा नवरा अस्वस्थ झाला. ती मात्र हळू आवाजात म्हणाली, "नक्की कुठं?"

"ते आता कुणालाच सांगता येणार नाही," मी म्हणाले.

ती दोघं गाडीत बसून निघून गेली. प्लॉटच्या मालकानं मला पुन्हा फोन केला नाही. तो प्लॉट दुसऱ्या एजंटानं थोड्याच दिवसांत विकला.